जितूदादाचं ताक

हसा, हसा. पोटभर हसून घ्या. भार्गवीनं गेटावर फुंक मारली आणि मशीन लाल झालं, भार्गवी कामावर दारू पिऊन आलती, अशी जी गोष्ट तुमच्या बी-शिफ्टमधी फिरतीया ती खरी हाय. रजिस्टरात नाव हाय माझं, भार्गवी ज्योतिबा जगदाळे, पॅकिंग, लाल शाईनं. पर ती गोष्ट खोटी बी हाय. आता बेल्ट दुरुस्त हुईस्तवर आपल्याला काय काम न्हाई, तवर सगळं सांगते. मधी मधी बोलू नका, माझा धागा तुटतो.

आमचे आप्पा आटपाडीकडचे. तिकडल्या निम्म्या घरातली माणसं गलाईवर जातात. गलाई म्हंजे सोनं-चांदी वितळवायची, ॲसिडात टाकून चोख करायची. आप्पा सोळाव्या वर्षी बेंगळूरला आले, पेठेतल्या एका बोळात वीस वर्षं भट्टीपुढं बसले. मग छातीत धूर बसला. डॉक्टर म्हणला, धूर सोडा न्हाईतर श्वास सुटंल. तवा आप्पांनी होसकोट्याच्या पुढं चन्नेगौडांची दीड एकर वाट्यानं घेतली. कोथिंबीर, पालक, मेथी. मी हितंच जन्मले, शाळेतल्या अक्कानं भार्गवी नाव ठिवलं, म्हणून घरात सगळ्यांची नावं गावाकडची आणि माझं एकटीचं हिकडचं.

दादा माझ्यापरीस सहा वर्षांनी मोठा. जितेंद्र. घरचा छोटा हत्ती टेम्पो हुता, तो चालवायचा. पहाटं जुड्या बांधायच्या, ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या, आणि दादानं मार्केटला न्यायच्या. दादाचं गाडीवर लई प्रेम. आणि प्यायचा बी. रोज न्हाई, पर लग्नकार्यात सुटायचा. 

दोन वर्षांमागं देवनहळ्ळीला आप्पांच्या मित्राच्या पोरीचा साखरपुडा हुता. जेवणं झाल्यावर पोरांनी दादाला मंडपामागं नेलं. येताना आप्पा शेजारी बसलेले, दादा स्टेअरिंगवर. पोलिसांनी थांबवलं, नळी तोंडात दिली. लाल. पोलिसानं आप्पांस्नी इचारलं, ह्यो कोण तुमचा? आप्पा म्हणले, माझा ड्रायव्हर.

पोरगा म्हणले न्हाईत. हे मला दादानंच सांगितलं, कोर्टात जायच्या आदल्या दिशी, भांडी घासता घासता. बाकी त्याला दंडाचं काय वाटलं न्हाई, सहा महिने लायसन बंद झालं त्याचं बी न्हाई. त्यो एवढाच शबुद धरून बसलता.

त्या दिसापासनं दादा प्यालेला न्हाई. एक थेंब न्हाई. पर हे आता मला ठाऊक हाय. तवा ठाऊक न्हवतं.

आईनं नियम काढला. दादा घरी आला की उंबऱ्याबाहीर थांबायचं. आई म्हणायची, "हा कर." आई बुटकी, दादा ताडमाड. दादा कंबरेत वाकायचा आणि आईच्या नाकावर हाऽऽ करायचा. आई डोळे मिटून हुंगायची, तूप कढलं का बघती तशी. मग म्हणायची, "जा, पाय धू." दादा पाय धुवायचा. दोन वर्षं, रोज. पाहुणे बसलेले असले तरी. शेजारच्या रत्नम्माची पोरं खेळात तेच करायची, एक उंबऱ्यात उभं राहायचं आणि दुसऱ्याला म्हणायचं, "हा कर." दादा ते बघायचा आणि त्या पोरांच्या डोक्यावर टपली मारून आत जायचा. एकदा सुद्धा आईला म्हणला न्हाई की बास कर आता.

तर यंदा शिवरात्र झाली आणि बोअर गेलं. आधी पाणी लाल आलं, मग नुसतीच हवा. आप्पा पाईपला कान लावून बसायचे, आत कुणी बोलावतंय काय असं. चन्नेगौडा म्हणले, "ज्योतिबा, नवीन बोअर मी मारत न्हाई. शेजारची जमीन गोडाऊनला गेली, माझी बी जाईल. तू उगी मेथी लावू नको." उभा पालक चार दिसात जमिनीला चिकटला. छोटा हत्ती विकला. घरात माझा पगार तेवढा, आणि तुमाला ठाऊकच हाय तो केवढा.

तवा दादा म्हणला, "मी मोठी लॉरी चालवतो."

आई म्हणली, "तुला कोण देणार?"

 आप्पा तर साखरपुड्याच्या रात्रीपासनं दादा चालवत असलेल्या गाडीत बसलेच न्हवते. मार्केटला जायचं असलं तर जुड्या दादाबरोबर जायच्या आणि आप्पा बसनं. 

हेवी लायसनला दादा दोन महिने शाळेत गेला. तिथली लॉरी म्हंजे नुसतं हाडं हाडं, गिअर टाकला की खांद्यातनं कळ यायची म्हणं. घरी आला की डावा हात वर उचलत न्हवता, आई निलगिरीचं तेल चोळायची, आधी हा कर, मग तेल. चढावर लॉरी थांबवायची आणि मागं न घसरता उचलायची, ही टेस्ट. पहिल्यांदा घसरली. दुसऱ्यांदा पास झाला.

पर लायसन मिळालं म्हंजे लॉरी मिळती व्हय? चार ठिकाणी गेला. चारी ठिकाणी इचारलं, केस हाय का? दादा प्लॅस्टिकच्या पिशवीतनं कोर्टाचा कागद काढायचा. दाखव असं कुणी म्हणलं न्हाई. आपलंच काढायचा! मी म्हणलं, "अरे येड्या, न दाखवता बघ की एकदा." तर म्हणला, "मागनं कळलं तर उतरवतील. त्यापरीस चढायच्या आधीच उतरवलेलं बरं."

पाचवे गुरुप्रसादअण्णा. त्यांच्या चार लॉऱ्या, इंडस्ट्रियल एरियाच्या पाठीमागं शेड. पांढरी लुंगी, कानात पेन. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी घालून परत दिला. म्हणले, "एक महिना मुनियप्पाबरोबर क्लीनर म्हणून जायचं. स्टेअरिंगला हात लावायचा न्हाई. मुनियप्पा म्हणला तर मग बघू. सरी?"

दादा म्हणला, "सरी." म्हंजे बरं.

अठ्ठावीस वर्षाचा माणूस क्लीनर! टायरला हवा, हातोडीनं टायर ठोकून बघायचं, ताडपत्री ओढायची, दोऱ्या आवळायच्या, मुनियप्पामामाचा चहा आणायचा, लॉरी मागं घेताना पाठीमागं उभं राहून बरू, बरू, बरू, म्हंजे येऊ दे, येऊ दे, म्हणून ओरडायचं. दादाचे तळहात दोरीनं सोलून निघाले. मुनियप्पामामा साठीचा, तोंडात पान, आणि संध्याकाळी गाडी उभी केली की त्याची बाटली निघायचीच. ते दादानंच घरी हसत हसत सांगितलं. "मामा एकटा पितो, मी शेंगदाणे खातो," म्हणला.

आई हसली न्हाई. मी बी न्हाई.

आणि त्याच आठवड्यात मी कंपनीच्या बसनं येत हुते, खिडकीला बसलेले, तर रस्त्याकडंचा तो निळ्या पाटीचा बार न्हाई का, त्याच्या पायरीला लागून दादा उभा. हात पुसत हुता. बस गेली निघून. घरी आला, आईनं हा कर म्हणलं, त्यानं हा केलं, आई म्हणली पाय धू. वास न्हवता. पर माझ्या मनात किडा शिरला तो शिरला. म्हणलं, आज पायरीला हाय, उद्या आत जाईल. आणि ह्या टायमाला धरला तर संपलंच. लायसन जाईल, लॉरी जाईल, आणि आमी बोचकी उचलून कुठं जाणार, आटपाडीला? तितं कोण वळखतंय आमाला?

मल्लेश्वरमला माझी मावशी असती. तिच्याकडं गेलते, तर तिच्या गल्लीत औषधाचं दुकान. बाहीर पाटी, कन्नडमधी आणि खाली हिंदीत. पेशंटला न सांगता दारू सोडवा. मी आत गेले. चष्मेवाला माणूस, लई मऊ बोलणारा. म्हणला, "सकाळ-संध्याकाळ दहा थेंब. भाजीत, आमटीत, ताकात. त्यांना कळत सुद्धा न्हाई." एवढीशी तपकिरी बाटली. त्याच्यावर बारीक अक्षरात काय काय लिवलेलं, मी वाचलं न्हाई. कोण वाचतंय?

दादाला ताक लागतं. हिंग, जिरं, आलं ठेचून, कढीपत्ता. दोन वर्षं दारूच्या जागी ताकच पितो म्हणा. तर मी त्याच्या स्टीलच्या बाटलीत रोज थेंब घालायला लागले. आईला न्हाई सांगितलं. आई हुंगायची आणि मी थेंब घालायची. दोघीबी एकमेकीला न सांगता पहारा करत हुतो, आणि मधी ह्यो बिचारा ताक पीत हुता.

महिना भरला. मुनियप्पामामा गुरुप्रसादअण्णास्नी म्हणला, "ह्याच्या हातात गाडी झोपल्यागत चालती." म्हंजे चांगलं म्हणला. अण्णांनी चावी दिली. पहिली खेप कुठली, तर आपल्याच गोडाऊनमधनं हुबळीला! मला एवढा आनंद झाला, मी लाईनवरच्या सगळ्यांस्नी सांगितलं, उद्या माझा दादा लॉरी घिऊन येणार हाय. शेफाली, तुला बी सांगितलं हुतं का न्हाई? बघ.

त्या दिशी सकाळी दादा अंधारातच शेडला गेला, लॉरी धुवायला. आईनं लिंबं दिली चाकाखाली ठिवायला. ताक करायला टाइम मिळाला न्हाई, म्हणून मी म्हणलं, मी येताना आणते, गेटावर देते. दही घुसळलं. थेंब मोजायला लागले. आणि मग मला वाटलं, आज पहिलाच दिवस. एकटा जाणार. तुमकूर, चित्रदुर्ग, वाटंनं ढाबे, रात्री कुठंतरी थांबणार. दहा थेंबानं काय हुतंय? बाटली उपडी केली. निम्मी हुती ती सगळी ओतली. वरनं हिंग जास्त घातला, वास मरावा म्हणून. एवढी शानी मी.

नऊ वाजता गेटावर आले तर लॉऱ्यांची रांग. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत हुतं. दादाची लॉरी तिसरी. झेंडूची माळ, पुढच्या काचेवर हळद-कुंकू, आणि दादा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून वर बसलेला. मला बघून हसला. मी बाटली वर दिली. सकाळपासनं काय खाल्लं न्हवतं त्यानं, घटाघटा निम्मी बाटली प्याला. मिशीला ताक लागलं. म्हणला, "आज हिंगाचं पोतं पडलं व्हय गं?"

मी म्हणलं, "पी गप."

तेवढ्यात बेहेरा आला. गेटावरचा तो उडीशाचा वॉचमन, काळी मशीन घिऊन फिरतो तो. प्रत्येक ड्रायव्हरनं फुंकल्याबिगार लॉरी आत जात न्हाई, तुमाला ठाऊकच हाय. पुढचे दोघं फुंकून आत गेले. दादा खाली उतरला, ताठ उभा राहिला, शाळेत प्रार्थनेला राहतात तसा. बेहेरा म्हणला, "फूंको. और जोर से."

दादानं फुंकलं.

मशीन असं कर्कश वराडलं, आणि लाल.

बायांनो, मला दोन सेकंद कळलंच न्हाई. मला वाटलं, प्याला! प्याला गं ह्यो, पहिल्याच दिशी! खरं सांगते, माझ्या मनात आधी हेच आलं. मग माझी नजर त्याच्या मिशीवर गेली, पांढरं ताक तसंच, आणि मग बाटलीवर गेली. त्या बारीक अक्षरात काय लिवलेलं असंल ते मला न वाचताच कळलं.

आणि मी गप्प बसले. हे बी सांगते. तोंड उघडलंच न्हाई. मागच्या लॉऱ्या भोंगे वाजवाय लागल्या. एक ड्रायव्हर खिडकीतनं ओरडला, "काय रे, नाष्ट्यालाच घेतली काय?" बेहेऱ्यानं लॉरीची चावी काढून घेतली. दादा एवढंच म्हणला, "मी घेतलेली न्हाई." एकदाच. परत न्हाई म्हणला.

देवश्री मॅडम आल्या. सेफ्टीच्या, पुण्याच्या त्या, डोक्यावर हेल्मेट, हातात टॅब. मशीन बघितलं. म्हणल्या, "ओके. फर्स्ट रीडिंग पॉझिटिव्ह आहे. रूल असा आहे की तोंड स्वच्छ धुवायचं, पंधरा मिनिटं काहीही खायचं-प्यायचं नाही, मग सेकंड टेस्ट. ती फेल झाली तर ड्रायव्हर ब्लॅकलिस्ट, ट्रान्सपोर्टरला मेल जातो. कळलं का तुम्हाला?"

"कळलं," दादा म्हणला.

"आधी काही केस वगैरे?"

आणि ह्या येड्यानं खिशातनं प्लॅस्टिकची पिशवी काढली.

मॅडमनी कागद वाचला. चेहराच पडला त्यांचा. त्यांनी परत पिशवीत घातला आणि घड्याळ बघितलं. "पंधरा मिनिटं," म्हणल्या.

गुरुप्रसादअण्णांचा फोन आला, कुणीतरी आधीच कळवलेलं. दादानं कानाला लावला. बाहीर ऐकू येत हुतं. "एनायतु? काय झालं?"

"मशीन लाल आलं अण्णा. परत घेणार हायत."

"प्यालास?"

"न्हाई."

 अण्णा म्हणले, "मी मुनियप्पाला घिऊन येतो. लॉरी तो नेईल." आणि फोन ठिवला.

म्हंजे संपलं. दोन महिन्याचं खांदादुखीचं, एक महिन्याचं दोरी ओढायचं, सगळं. दादा वजनकाट्याजवळच्या नळाकडं गेला तोंड धुवायला. मी मागनं बघत हुते. त्यानं चूळ भरली, दोनदा, तीनदा. मग बाटलीचं झाकण फिरवायला लागला. निम्मं ताक हुतं आत. बाटली तिरकी केली.

ओतणार हुता!

मी पळाले. ओढणी खांबाला अडकली, ती तशीच सोडून पळाले. मनगट धरलं त्याचं. "ओतू नकोस!"

तो खालच्या आवाजात म्हणला, "गप. आत जा. तुझी नोकरी हाय हितं."

मी इचारलं, "तुला ठाऊक हाय?"

"औषध हाय एवढं ठाऊक हाय. त्यात दारू असंल असं न्हवतं वाटलं." मग म्हणला, "हिंगाच्या डब्यामागं ठेवतीस. मुंग्या लागल्या तवा डबा मीच पुसला न्हाई का. दुसरा आठवडा असंल."

"मग बोलला का न्हाईस?"

"थेंब मोजताना तुझे ओठ हलतात. देवाचं म्हणल्यागत. म्हणलं, मोजू दे."

मला रडाय आलं आणि राग बी आला. मी म्हणलं, "आणि बारच्या पायरीला काय करत हुतास? मी बसमधनं बघितलंय."

"कुठल्या बारच्या?"

"निळ्या पाटीच्या!"

तो इचार करून म्हणला, "तितं पंक्चरचं दुकान हाय शेजारी. डबल टायर काढायला शिकत हुतो. इचारायचं तरी भार्गे."

एवढंच. इचारायचं तरी. मला कुणी थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं.

मी बाटली त्याच्या हातातनं हिसकली आणि सरळ देवश्री मॅडमकडं गेले. दादा मागनं "भार्गे, भार्गे" करतोय. मी मॅडमस्नी सगळं सांगितलं, थेंब, मल्लेश्वरम, चष्मेवाला, सगळं एका दमात. तुमाला ठाऊक हाय मी कशी बोलते. मॅडम थकल्यागत हसल्या. म्हणल्या, "हे बघ, तू त्याची बहीण आहेस. मला पण भाऊ आहे. मी पण असंच काहीतरी सांगितलं असतं."

त्यांना पटंना. बेहेरा मान हलवतोय. रांगेतले ड्रायव्हर खाली उतरून तमाशा बघाय लागलेले. आपल्या लाईनवरच्या बी चार-पाच गेटापाशी आलेल्या, त्या सुनंदाच्या तोंडानंच तर तुमाला गोष्ट कळली. मग माझ्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. मी झाकण काढलं आणि उरलेलं ताक प्याले. उभ्या उभ्या, सगळं, हनुवटीवरनं वघळलं. कडू जहर गं! ह्यो माणूस महिनाभर हे पीत हुता, आणि म्हणायचा, चांगलं झालंय.

बाटली उलटी करून दाखवली आणि बेहेऱ्याला म्हणलं, "लाव मशीन."

तो मॅडमकडं बघाय लागला. मॅडम म्हणल्या, "लाव."

मी फुंकलं. जेवढा जीव हुता तेवढा फुंकला.

वराडलं. लाल!

सगळा गेट हसला. भोंगे वाजले. तो मगाचा ड्रायव्हर म्हणला, "अक्का, एक घोट आमाला बी ठिवायचा!" मला लाज वाटायला पायजे हुती, पर मी हसत हुते, नाकातनं पाणी येत हुतं आणि हसत हुते. आयुष्यात पहिल्यांदा नापास झाल्याचा आनंद.

पंधरा मिनिटं भरली. दादानं फुंकलं. मशीन गप्प. बेहेऱ्यानं हलवलं, परत फुंकायला लावलं. शून्य, शून्य, शून्य. हिरवं. बेहेऱ्यानंच चावी त्याच्या हातात दिली.

तेवढ्यात गुरुप्रसादअण्णा स्कूटरवरनं आले, मागं मुनियप्पामामा. मामाला मशीन दिसल्याबरोबर तो चार पावलं लांबच उभा राहिला, तोंडाला टॉवेल लावून, कालची उतरली नसंल. मॅडमनी अण्णास्नी समजावलं. अण्णांनी रिकामी बाटली हुंगली, नाक मुरडलं. दादाला इचारलं, "औषध घालती हे तुला ठाऊक हुतं?"

"हो."

"मग पीत का हुतास?"

दादा खाली बघून म्हणला, "ताक चांगलं असतं हिचं."

अण्णांनी कानातलं पेन काढलं, परत कानात ठिवलं. मग मामाकडं वळून म्हणले, "चल मुनियप्पा, आपलं काम न्हाई हितं." आणि दादाला म्हणले, "हिरियूरच्या चढाला घाई करू नको. माल वला व्हायला नको, ताडपत्री बघ." गेले.

लॉरी आत गेली, भरली, दुपारी निघाली. ते मी बघितलं न्हाई. कारण मॅडमनी मला बोलावलं आणि म्हणल्या, "भार्गवी, मला सगळं कळतंय. पण तू ड्यूटी अवर्समध्ये पॉझिटिव्ह आहेस. रूल इज रूल. आजचा दिवस घरी जा, आणि रायटिंगमध्ये वॉर्निंग." मग जरा थांबून म्हणल्या, "ते औषध कुठल्या दुकानातलं, नाव लिहून दे मला."

घरी गेले. आई अंगणात सुकलेल्या मेथीची मुळं उपटत हुती. इतक्या लवकर कशी, म्हणली. सांगितलं. सगळं सांगितलं. आप्पा खाटंवर बसलेले, ऐकत हुते. आई उठली, आत गेली, हिंगाचा डबा सरकवून बघितलं, तपकिरी बाटली हुती ती आणली, आणि वाळलेल्या बोअरच्या पाईपात टाकली. खाली कुठं पोचली त्याचा आवाज सुद्धा आला न्हाई.

आप्पांनी फक्त इचारलं, "त्यानं सांगितलं न्हाई? तुझं नाव?"

मी म्हणलं, "न्हाई."

आप्पा मग दिवसभर खोकत बसले.

तिसऱ्या दिशी चार वाजता दादा आला. हुबळीला माल उतरवून, येताना रिकामी लॉरी, म्हणून अण्णांनी घरावरनं जाऊ दिली. बांधाच्या कडंनं लॉरी उभी केली. पाण्याचा टँकर आलता, रत्नम्मा, चन्नेगौडांचा गडी, सगळे घागरी घिऊन उभे. टँकरवाल्याला जायला वाट राहिली न्हाई, तो म्हणला, "कुणाची रे ही लॉरी?"

आप्पा घागर खाली ठिवून म्हणले, "जरा थांब. माझा पोरगा आलाय, काढंल."

दादानं ऐकलं. ऐकलं न्हाई असं दाखवून लॉरी मागं घ्यायला लागला, पर आरशात बघायचं विसरला आणि मागचं चाक बांधावर चढलं. तवा आप्पा गेले पाठीमागं. हात वर करून उभे राहिले आणि खोकत खोकत, "बरू, बरू, बरू." लॉरी सरळ झाली. आणि आप्पा पुढं आले, पायरीवर पाय ठिवला, त्यांना चढता येईना, गुडघा वर जाईना. दादानं वरनं हात दिला. आप्पा केबिनमधी बसले. गेली कुठंच न्हाई लॉरी, वीस पावलं, चिंचेपर्यंत. तेवढंच. दोघं बराच वेळ वरच बसले हुते, काय बोलले कुणास ठाऊक. 

मग दादा उतरला, उंबऱ्यापाशी आला. चप्पल काढली. सवयीनं कंबरेत वाकला, तोंड आईच्या नाकापाशी नेलं. रत्नम्माची पोरं बघत उभी. टँकरवाला बी बघत उभा. मी कामावरनं आत्ताच आलेले, डबा हातात, त्याच्या मागं.

आईनं त्याच्या छातीला हात लावून त्याला सरळ उभं केलं.

"तू हो आत," म्हणली. "पाय धू." आणि माझ्याकडं बोट केलं. "ही हिकडं ये. रजिस्टरात नाव कुणाचं हाय? हा कर."

मी म्हणलं, "आई!"

"हा कर म्हणते न्हवं."

दादा दारात थांबून बघतोय, मिशीत हसतोय. आप्पा चिंचेखालनं बघतायत. पोरं तर पोट धरून पडली.

काय करणार? केलं.

हाऽऽ.